स्तनातलं इम्प्लांट घट्ट होतंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांसाठी सविस्तर माहिती

"आतनं कोणतरी दोरी आवळूलालंय गं."

थोरल्या जाऊबाई हे मला बोलल्या ते गौरीच्या आदल्या रात्री, करंज्यांचं सारण भाजता भाजता. डाव्या स्तनाचा कॅन्सर, स्तन काढण्याचं ऑपरेशन, त्याच वेळी आत बसवलेलं सिलिकॉनचं इम्प्लांट आणि पाठोपाठ रेडिएशन, हे सगळं त्यांनी दीड वर्षापूर्वी निभावलं होतं. मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर दुसऱ्यांचे खांदे मोकळे करून देते, आणि घरातल्या बाईचं दुखणं मला तीन महिने कळलं नाही. त्यांनी सांगितलं नाही, कारण घट्ट लागतंय म्हणजे कॅन्सर परत आला असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि सणाच्या तोंडावर ते कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

कॅन्सर परत आला नव्हता. इम्प्लांटभोवती शरीराने विणलेली पिशवी आकसली होती. याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. स्तनात इम्प्लांट असलेल्या बाईला होणाऱ्या त्रासांपैकी हा सगळ्यात नेहमीचा. कॅन्सरनंतर स्तन पुन्हा घडवताना इम्प्लांट बसवलेल्या बायकांना तो होतो, आणि पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात जाऊन केवळ आकारासाठी इम्प्लांट घातलेल्या मुलींनाही होतो. या मुली माझ्याकडे खांदेदुखी सांगत येतात आणि खरी गोष्ट चौथ्या-पाचव्या भेटीत बोलतात. हा लेख दोघींसाठी आहे. या त्रासाचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावरचा उपाय वेगळा असतो. म्हणून आधी आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते ओळखायचं.

आत नेमकं काय होतं

शरीरात बाहेरची कोणतीही वस्तू बसवली की शरीर तिला कुंपण घालतं. हृदयाचा पेसमेकर असला तरी तेच. त्या वस्तूभोवती कोलॅजनच्या धाग्यांची पातळ पिशवी तयार होते, तिला डॉक्टर कॅप्सूल म्हणतात. ही पिशवी प्रत्येक बाईच्या शरीरात होते आणि व्हायलाच हवी, कारण इम्प्लांट तिच्यामुळेच जागेवर राहतं. काही जणींच्या बाबतीत ती जाड होते आणि आकसायला लागते. अथणीकडे चप्पल करणाऱ्या कारागिरांना विचारा, चामड्याची ओली वादी वाळताना कशी आवळते ते. इथे तसंच होतं. पाण्याने भरलेला फुगा मुठीत आवळला तर तो कडक लागतो, पण आतलं पाणी काही घट्ट झालेलं नसतं. तसं इम्प्लांटही आत मऊच असतं, कडक लागतं ते भोवतीच्या पिशवीमुळे. आणि म्हणूनच नुसतं इम्प्लांट बदलून भागत नाही. पिशवीचं काय करायचं हा खरा प्रश्न असतो.

हे का होतं याचं एकच कारण नाही. ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटवर बसलेले थोडेसे जंतू हे एक मोठं कारण मानलं जातं. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहणारा जंतू. तो इम्प्लांटच्या पृष्ठभागावर चिकट थर करून बसतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. ताप येत नाही, पू होत नाही, पण भोवतालच्या पेशी महिनोन्‌महिने चिडलेल्या राहतात आणि पिशवी जाड होत जाते. ऑपरेशननंतर आत रक्त साठलं, पाणी साठून राहिलं, किंवा इम्प्लांट आतल्या आत फुटून जेल बाहेर आलं तरी धोका वाढतो. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली न ठेवता थेट स्तनाच्या ग्रंथीखाली ठेवलं असेल तर प्रमाण जास्त दिसतं. आणि रेडिएशन. आपल्याकडे ज्याला सगळे 'करंट' किंवा 'शेक' म्हणतात, त्याने कॅन्सरच्या उरलेल्या पेशी मरतात, पण चांगली कातडी आणि स्नायूही निबर होतात. इम्प्लांटवरून रेडिएशन घेतलेल्या बायकांमध्ये कॉन्ट्रॅक्चर कितीतरी अधिक दिसतं. तरी कॅन्सरच्या डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं असेल तर घट्टपणाच्या भीतीने ते कधीही टाळू नका. घट्टपणावर उपाय करता येतात.

वांगं खाल्लं, आंबट खाल्लं, लवकर चुलीपुढे बसली, म्हणून असं झालं, हे जाऊबाईंना चार बायकांनी ऐकवलं. यातलं एकही कारण खरं नाही. मशेरीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू घराघरात आहे आणि सकाळी मशेरी लावल्याशिवाय दिवस सुरू न होणाऱ्या बायका माझ्याकडे रोज येतात. मशेरी लावली म्हणून पिशवी आवळली असा सरळ हिशोब मांडता येणार नाही. पण निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात, टाके भरायला वेळ लागतो आणि कातडी मरून काळी पडण्याचा धोका वाढतो. कुठल्याही ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मशेरी, तंबाखू, विडी सगळं बंद. सर्जनपासून हे लपवू नका, ते रागावले तरी चालेल.

पायरी पहिली: आपल्या हाताने ओळखायचं

डॉक्टर या त्रासाचे चार टप्पे मानतात, त्याला बेकर ग्रेड म्हणतात. मी बायकांना तो चेहऱ्यावर हात ठेवून शिकवते. आपल्या गालाला बोट लावा. इम्प्लांटची बाजू तितकी मऊ आणि दिसायला नेहमीसारखी असेल तर पहिला टप्पा. हा आजार नव्हेच. नाकाच्या शेंड्यासारखी थोडी कठीण लागते, पण आरशात काही फरक दिसत नाही, तो दुसरा. हाताला कठीण आणि डोळ्यांनाही वेगळं, म्हणजे स्तन चेंडूसारखा गोल, वर सरकलेला, एका बाजूला ओढलेला दिसतो, तो तिसरा. कपाळासारखं टणक, आकार बिघडलेला आणि शिवाय दुखणं, झोपताना कुशीवर वळता येत नाही, हात वर केला की कळ येते, तो चौथा. स्तन काढलेल्या बाईच्या इम्प्लांटवर फक्त कातडी आणि पातळ स्नायू असतो, त्यामुळे तिचं इम्प्लांट मुळातच थोडं कठीण लागतं. म्हणून एका दिवसाच्या हातापेक्षा दर महिन्याचा फरक महत्त्वाचा.

पाळी येत असेल तर ती सुरू झाल्यापासून सात-दहा दिवसांनी, पाळी गेली असेल तर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, दार लावून पाच मिनिटं द्या. आधी आरशासमोर हात खाली सोडून, मग कमरेवर ठेवून, मग डोक्यावर नेऊन बघा. दोन्ही बाजू एका उंचीवर आहेत का? कातडीला खळी पडते का? नंतर उताणं झोपून, त्या बाजूचा हात डोक्याखाली घेऊन, दुसऱ्या हाताच्या तीन बोटांच्या पोटांनी गोल गोल फिरत तपासा. काखही सोडू नका. शेवटी शिंप्याची टेप घ्या. गळ्याखाली दोन हाडांमध्ये जी खाच लागते तिथून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंचं मोजून वहीत लिहा. आकसणारी पिशवी इम्प्लांटला बहुधा वर ढकलते, त्यामुळे हा आकडा हळूहळू कमी झालेला दिसतो. जाऊबाईंच्या वहीत तो असता तर गौरीपर्यंत वाट बघावी लागली नसती.

बहुतेकींना हा त्रास पहिल्या एक-दोन वर्षांत जाणवायला लागतो. रेडिएशन झालेल्यांना काही महिन्यांनीच लागतो किंवा पुढे कधीही. आठ-दहा वर्षं सगळं सुरळीत असून मग अचानक एक बाजू घट्ट झाली, तर इम्प्लांट फुटलंय का हे आधी बघावं लागतं.

थांबायचं नाही अशी लक्षणं

स्तन लाल होऊन गरम लागतो, ताप येतो, टाक्यांतून पाणी किंवा पू येतो, कातडी पातळ होऊन इम्प्लांट दिसायला लागतं, यातलं एकही झालं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात जा. शनिवार-रविवार बघू नका. नवी गाठ लागली, काखेत गाठ आली, निपलमधून रक्त आलं तर त्या आठवड्याच्या आत कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा.

एक लक्षण मुद्दाम सविस्तर सांगते, कारण बायका त्याला 'सूज आली, उतरेल' म्हणून सोडून देतात. ऑपरेशनला वर्षं उलटल्यावर एक स्तन अचानक मोठा होतो, आत पाणी साठतं. इम्प्लांटभोवतीच्या पिशवीत होणाऱ्या लिम्फोमाची, म्हणजे लसीका पेशींच्या कॅन्सरची, ही पहिली खूण असू शकते. त्याला बीआयए-एएलसीएल म्हणतात. तो दुर्मिळ आहे, मुख्यतः खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे आणि साधारण आठ-दहा वर्षांनी दिसतो. याच कारणावरून अ‍ॅलर्गन कंपनीने २०१९ साली आपली बायोसेल जातीची खरबरीत इम्प्लांट जगभरच्या बाजारातून परत घेतली. आपलं इम्प्लांट खरबरीत निघालं म्हणून लगेच काढायला धावू नका, त्रास नसेल तर तसं काढायचा सल्ला दिला जात नाही. पण उशिरा सूज आली तर सोनोग्राफीखाली ते पाणी सुईने काढून तपासायला पाठवायलाच हवं, आणि त्यावर सीडी३० ही तपासणी करा असं डॉक्टरांना स्वतःहून म्हणा. लवकर सापडला तर इम्प्लांट आणि पिशवी पूर्ण काढून हा आजार बहुतेकींचा बरा होतो.

पायरी दुसरी: कागद गोळा करायचे

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण आपल्या सीमाभागात यावरच अर्धी लढाई ठरते. ऑपरेशन बेळगावात, रेडिएशन मिरजेला, तपासणी कोल्हापुरात, औषधं खानापुरात, असं आपलं चालतं. एका डॉक्टरचा कागद दुसऱ्याला मिळत नाही. एक जाड फाईल करा. त्यात डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, बायोप्सीचा रिपोर्ट, रेडिएशन किती आणि कुठे दिलं तो कागद, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इम्प्लांटचं कार्ड. प्रत्येक इम्प्लांटच्या डब्यात चिकटपट्ट्या येतात. त्यावर कंपनी, आकार किती सीसी, पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, आणि अनुक्रमांक असतो. त्यातली एक तुमच्या हातात यायला हवी होती. नसेल तर लेखी अर्ज करा. मागितल्यापासून ७२ तासांच्या आत रुग्णाला तिचे कागद द्यावेत असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. अर्ज इंग्रजीत लिहा, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का घ्या.

आणखी एक. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दवाखान्याच्या कागदांवर तुमच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघा. कन्नडमधून इंग्रजीत आलेलं नाव आणि मराठीतून आलेलं नाव वेगळं पडतं, आणि योजनेच्या खिडकीवर अडतं.

पायरी तिसरी: कोणाला दाखवायचं, काय विचारायचं

कॅन्सर झालेल्या बाईने आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून 'हे परत आलेलं नाही ना' एवढं पक्कं करून घ्यावं, मग प्लास्टिक सर्जनकडे जावं. ज्यांनी इम्प्लांट बसवलं त्यांच्याकडेच जाणं पहिलं बरं, कारण आत त्यांनी काय केलं ते त्यांना ठाऊक असतं. ते लांब असतील किंवा त्यांच्यावर भरवसा उरला नसेल तर बेळगावात नेहरूनगरचं केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, महामार्गाने कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, रेल्वेने मिरज, चोर्ल्याच्या घाटाने गोवा, खाली हुबळी. कॅन्सरचा गुंता असेल तर मुंबईचं टाटा. कुठेही जा, पण ज्याने घट्ट झालेल्या इम्प्लांटची ऑपरेशनं आधी केली आहेत असाच सर्जन निवडा. पहिल्यांदा बसवणं आणि बिघडलेलं दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

सोबत एखादी बाई न्या. प्रश्न घरून लिहून न्या: माझा ग्रेड किती? इम्प्लांट फुटलंय का? तुम्ही पिशवी कापणार की काढणार? काढली तर पूर्ण की अर्धी? नवं इम्प्लांट घालणार का, आणि कुठल्या थरात? हे पुन्हा होण्याची शक्यता माझ्या बाबतीत किती? इम्प्लांट न घालता माझ्याच पोटाचं मांस वापरता येईल का? हे प्रश्न विचारल्यावर डॉक्टर चिडत असतील तर दुसरं मत घ्या. जाऊबाईंना पहिल्या ठिकाणी कागद न बघता 'आता असंच राहणार, सवय करा' असं सांगून परत पाठवलं होतं. दुसऱ्या ठिकाणी पाऊण तास दिला आणि चित्र काढून समजावलं.

तपासण्यांचं थोडक्यात. सोनोग्राफीने पाणी, गाठ आणि बऱ्याचदा फाटलेलं इम्प्लांटही कळतं. सिलिकॉनचं इम्प्लांट फुटलं तरी बाहेरून काहीच कळत नाही असं होतं, तिथे एमआरआय सर्वांत खात्रीचा. मिठाच्या पाण्याचं इम्प्लांट फुटलं तर ते काही दिवसांत बसून चपटं होतं, ते तुम्हालाच दिसेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची २०२० पासूनची शिफारस अशी की सिलिकॉन इम्प्लांट असलेल्या बाईने त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि नंतर दर २-३ वर्षांनी. तुमच्या आत सध्या इम्प्लांटऐवजी हळूहळू पाणी भरून फुगवायचा एक्सपांडर असेल तर एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी सांगा. बऱ्याच एक्सपांडरमध्ये लोहचुंबक असतो, तो आत ओढला जाऊ शकतो. मॅमोग्राफी करणाऱ्यांनाही इम्प्लांट असल्याचं आधी सांगा. ते इम्प्लांट मागे सारून वेगळ्या पद्धतीने फोटो घेतात. ज्या मुलींनी घरात कोणालाच सांगितलेलं नाही त्यांनीही निदान इथे लपवू नये, कारण लपवलं तर गाठ नजरेतून सुटू शकते.

पायरी चौथी: घरी काय करायचं, काय अजिबात नाही

पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात बहुतेक सर्जन थांबून बघायला सांगतात, आणि ते बरोबर आहे. तेवढ्यात हातपाय गाळून बसू नका. पिशवी घट्ट झाली की छातीचा स्नायू दुखतो, बाई खांदा पुढे घेऊन पदराखाली आक्रसून चालते, महिन्या-दोन महिन्यांत खांदा जाम होतो आणि दुखणं दुप्पट होतं. हे दुसरं दुखणं आपण नक्की टाळू शकतो.

सर्जनने परवानगी दिल्यावर रोज दोन वेळा हे करा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी मुंगीसारखं भिंतीवर चढत हात जमेल तितका वर न्यायचा, तिथे मनात दहापर्यंत मोजायचं, सावकाश खाली. दहा वेळा. मग दाराच्या चौकटीत उभं राहून कोपर खांद्याच्या उंचीला चौकटीवर टेकवायचं आणि एक पाय पुढे टाकून छाती हलकी पुढे न्यायची. ताण जाणवावा, कळ येऊ नये. वीस सेकंद, तीन वेळा. मग पाठ टेकवून बसून खोल श्वास, बरगड्या बाजूला फुलतील असा, दहा वेळा. वडगाव-शहापूरच्या मागावर बसणाऱ्या बायकांना मी आणखी एक सांगते: दर अर्ध्या तासाने माग थांबवा, खांदे मागे फिरवा, मग पुन्हा बसा. काखेतल्या गाठी काढल्या असतील आणि हात वर केल्यावर काखेपासून कोपरापर्यंत तारेसारखी दोरी लागत असेल तर तीही घाबरायची गोष्ट नाही, फिजिओथेरपीने ती बहुधा सुटते.

वरच्या कातडीवरचा वण ही वेगळी गोष्ट. आपल्या सावळ्या कातडीवर जाड, लाल, खाजरे वण आणि केलॉइड जास्त होतात. खपल्या पडून जखम पूर्ण मिटली की, साधारण तीन आठवड्यांनी, खोबरेल तेलाचं बोट घेऊन वणावर आडवं-उभं पाच मिनिटं हलकं चोळा. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल मिळतं, ते दिवसातले १२ तास किंवा जास्त, निदान दोन-तीन महिने वापरलं तर फरक पडतो. एप्रिल-मेच्या घामात पट्टीखाली पुरळ येतं. पट्टी रोज साबणाने धुऊन वाळवायची, पुरळ आलं तर दोन दिवस सुट्टी. वण मूळ जखमेच्या बाहेर पसरायला लागला तर तो केलॉइड. त्यात त्वचेचे डॉक्टर ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांच्या अंतराने देतात. वणाला तेल चोळल्याने आतली पिशवी सैल होत नाही, दोन्हीची गल्लत करू नका.

इम्प्लांटचा मसाज करावा का? गुळगुळीत, गोल इम्प्लांट असेल आणि सर्जनने स्वतः दाखवून दिलं असेल तरच. त्याने कॉन्ट्रॅक्चर टळतं याला पक्का पुरावा नाही. खरबरीत किंवा थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट असेल तर मसाज करायचाच नाही, ते आत फिरून जातं.

आता ज्या चुका मी डोळ्यांनी बघितल्या त्या सांगते. स्तन काढलेल्या बाजूच्या कातडीला बऱ्याचदा संवेदना नसते. तव्यावर कापड तापवून किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं तर भाजल्याचं कळत नाही. पातळ कातडी भाजली की खालचं इम्प्लांट उघडं पडू शकतं. असा गरम शेक घ्यायचा नाही (रेडिएशनबद्दल हे म्हणत नाही). बिब्बा लावायचा नाही, तो निरोगी कातडीही जाळतो. ओल्या जखमेत हळद भरायची नाही. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे दाबून पिशवी फोडणं. जाऊबाईंना एका मालीशवालीने 'दोन्ही हातांनी एकदा दाबते, मोकळं होईल' असं सांगितलं होतं. एके काळी काही डॉक्टरही हे करत. त्यात इम्प्लांट फुटतं, आत रक्तस्राव होतो, आणि पिशवी पुन्हा आवळतेच. आज ते कोणीही करू नये, डॉक्टरनेही नाही.

औषधांबद्दल. माँटेलुकास्ट आणि झाफिरलुकास्ट ही दम्याची औषधं काही सर्जन सुरुवातीच्या टप्प्यात देऊन बघतात. काहींना उपयोग झालेला दिसतो, पण पुरावा तोकडा आहे आणि दोन्हींना काटे आहेत. झाफिरलुकास्टने क्वचित लिव्हर बिघडतं, आणि माँटेलुकास्टने काहींना झोप न येणं, उदासी, वाईट विचार येणं असं होतं. मेडिकलमधून परस्पर आणायची ही औषधं नव्हेत. सर्जनने दिली तर किती दिवस आणि कोणत्या रक्ततपासणीसह, ते लिहून घ्या.

पायरी पाचवी: ऑपरेशन

तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात खरा उपाय ऑपरेशनचाच. त्यात निवडी आहेत, आणि निवड तुमची आहे. पिशवीला आतून चिरा देऊन सैल करणं, याला कॅप्सुलोटॉमी म्हणतात. काम लहान, पण जाड पिशवी आतच राहते. पिशवी काढून टाकणं म्हणजे कॅप्सुलेक्टॉमी. पिशवीची मागची बाजू बरगड्यांना चिकटलेली असते. ती ओढून काढताना फुफ्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते, म्हणून कधीकधी सर्जन तेवढा भाग मुद्दाम ठेवतात. कॅन्सरचा संशय असेल तर मात्र पिशवी पूर्ण, अखंड काढावी लागते. पिशवी काढली तरी जुनं इम्प्लांट परत आत घालू नये. त्यावर जंतूंचा थर असण्याची शक्यता असते, नवं घालणं बरं. त्याचबरोबर थर बदलतात, म्हणजे ग्रंथीखालचं स्नायूखाली नेतात. काही ठिकाणी प्राण्याच्या किंवा माणसाच्या कातडीपासून केलेली जाळी आधाराला लावतात. ती महाग असते, पण घट्टपणा कमी ठेवते.

रेडिएशन झालेल्या बाईने एक पर्याय गंभीरपणे ऐकून घ्यावा असं माझं मत आहे. इम्प्लांट काढून आपल्याच पोटाचं किंवा पाठीचं मांस, रक्तपुरवठ्यासकट, तिथे आणणं. ऑपरेशन मोठं, तास जास्त, पोटावर आणखी एक वण. पण रेडिएशनने निबर झालेल्या जागी पुन्हा इम्प्लांट घातलं तर ते पुन्हा आवळण्याची शक्यता मोठी असते, आणि आपल्या मांसाभोवती अशी पिशवी होत नाही. रेडिएशननंतर निदान सहा महिने तरी कातडी निवळू द्यावी लागते. जाऊबाईंनी पाठीचा स्नायू घेतला. त्यांच्याच वॉर्डातल्या एका मावशींनी सगळं काढून टाकून कापडी पॅड वापरायचं ठरवलं, आणि तोही तितकाच योग्य निर्णय होता. नवऱ्याला, सासूला काय वाटेल यावरून हे ठरवू नका.

ऑपरेशनच्या आधी सर्जनला दोन गोष्टी लेखी विचारा: काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवणार का, आणि आतलं पाणी जंतूंच्या कल्चरसाठी (कोणते जंतू आहेत ते वाढवून बघायला) पाठवणार का. दोन्हीचे रिपोर्ट फाईलमध्ये यायला हवेत. रक्त पातळ करणारी औषधं, अ‍ॅस्पिरिन, आणि आयुर्वेदिक काढे चालू असतील तर तेही सांगा.

पैशाचं

विम्याच्या नियमांत सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवलेली आहे. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात 'कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेतली गुंतागुंत' हे शब्द स्पष्ट हवेत. कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कुटुंबाला त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही लागू करायचं ठरवलं आहे. कोणत्या योजनेत नेमकं कुठलं ऑपरेशन बसतं, हे भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) लिहून घ्या, भरती झाल्यावर नाही. खिशातून करणार असाल तर इम्प्लांट, थिएटर, भूल, पॅथॉलॉजी आणि राहणं यांचे वेगवेगळे आकडे मागा.

पायरी सहावी: घरी आल्यावर

छातीतून एक-दोन नळ्या बाहेर काढलेल्या असतात, टोकाला डबी असते. रोज एकाच वेळी डबी रिकामी करून किती मिली आणि रंग कसा, ते वहीत लिहा. चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की सर्जन नळी काढतात. अचानक जास्त आणि लालभडक आलं, किंवा एक बाजू टणक फुगली, तर लगेच फोन. नळी असताना अंगावर पाणी ओतून आंघोळ नाही, पुसून घ्यायचं.

सहा आठवडे पाण्याची घागर, ओली धुणी, गॅस सिलिंडर, मोठं लेकरू यातलं काही उचलायचं नाही. भाकरी थापण्यातही खांद्याला झटका बसतो, निदान महिनाभर दुसऱ्या कोणाच्या हातची खा. स्कूटी चार आठवड्यांनी, सर्जनला विचारूनच. दर तपासणीला खानापूरहून बसने यायचं असेल तर खिडकीकडची जागा घ्या आणि ऑपरेशनची बाजू मधल्या वाटेकडे ठेवू नका, गर्दीत कोपर लागतं. गाडीत सीटबेल्टखाली छोटी उशी घ्या. सर्जन सांगतील ती ब्रा रात्रंदिवस, तारेची नको.

रात्री झोप लागत नाही, आरशासमोर उभं राहवत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

नळी निघाल्यावर मी जाऊबाईंना भिंतीवर मुंगी चढवायला लावली, पहिल्या दिवशी हात खांद्याच्या जरा वर गेला, चाळिसाव्या दिवशी देवघराच्या वरच्या फळीपर्यंत. आता दर महिन्याच्या ५ तारखेला टेप निघते, आकडा वहीत जातो. दुसऱ्या बाजूच्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा, सर्जनची भेट पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी. ज्यांनी नवं इम्प्लांट घातलंय त्यांनी टेपच्या आकड्यात एक सेंटिमीटरचा जरी फरक पडला तरी पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला जावं.